एकतीस ग्रॅमचा संशय

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी बायकोला गेमिंग माउस हवासा वाटला, तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तशी ती पाल माझ्याकडे कायमची वस्तीला आहे. मी चौतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो. त्या खात्यात माणूस लागला की त्याला एक काटा, वजनांची एक पेटी आणि एक पाल देतात. निवृत्त होताना काटा आणि पेटी परत घेतात.

"कोण खेळणार आहे?" मी विचारलं.

"मी. ऑफिसात बसून. नकाशे करायचा कंटाळा आलाय ना मला."

ती चेष्टा करत होती हे माझ्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

ही एका सरकारी कचेरीच्या नकाशा विभागात आहे. जमिनीचे जुने कागदी नकाशे स्कॅन करून संगणकावर आणतात, आणि मग कुणाला तरी प्रत्येक शेताच्या प्रत्येक कोपऱ्यावर माउस नेऊन क्लिक करावं लागतं, म्हणजे संगणकाला कळतं की हद्द इथे वळली. हे कुणीतरी म्हणजे ही. बावीस वर्षं झाली. एका नकाशात चारशे-पाचशे कोपरे असतात, आणि आपल्या पूर्वजांना सरळ रेषेचं वावडं होतं.

वर्षभरापासून तिचं उजवं मनगट सुजत होतं. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, एकतर हाताला विश्रांती द्या, नाहीतर हातातलं वजन कमी करा. ऑफिसचा माउस अर्ध्या विटेएवढा होता. त्यात विभागाला नवीन प्रमुख आल्या. त्यांचं नाव काहीही असो, सगळे त्यांना पाठीमागे 'दुर्बीण' म्हणत. दुर्बिणीने येताच जाहीर केलं की येत्या गुरुवारी चाचणी होईल. तीन तासांत दोन नकाशे. ज्यांना जमेल ते नकाशात राहतील, बाकीच्यांनी आवक-जावकला जायचं.

"पाकिटांवर शिक्के मारून मी आठ दिवसांत वेडी होईन," ही म्हणाली. "इथे निदान कुणाची विहीर चुकून शेजारच्या शेतात गेली असेल तर मला ती परत आणता येते."

स्वतःचा माउस आणायला परवानगी होती, पण तारेचाच. बिनतारी काहीही विभागात न्यायचं नाही, असा नियम होता. नियम मला आवडला. तारेचं एक बरं असतं, दुसरं टोक कुठे गेलंय ते दिसतं.

रविवारी आम्ही दुकानात गेलो. दुकानात सगळीकडे निळे-जांभळे दिवे लुकलुकत होते. उजेड कमी करून माल विकणाऱ्या माणसाविषयी माझं मत आधीच पक्कं आहे. दुकानदार तिशीतला, दाढी कोरलेली, बोलणं मऊ. मऊ बोलणंही मी टिपून ठेवलं.

"हलका हवाय, तारेचा," ही म्हणाली. "दिवसाला दोन हजार क्लिक होतात."

"कुठला गेम खेळता, ताई?"

"जमिनीच्या भानगडी."

"ऑनलाइन?"

"आता ऑनलाइनच आणतोय."

त्याने आदराने मान हलवली आणि काउंटरवर सहा माउस मांडले. पहिल्याला पाठीवर मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं होती.

"ही भोकं कशाला?" मी विचारलं.

"वजन कमी व्हावं म्हणून, काका."

"आमच्या वेळी वजनाला भोक पाडलं की आम्ही खटला भरायचो."

तो हसला. मी हसलो नाही. खालून भोक पाडून आत बूच मारलेली दोन किलोची वजनं मी अख्ख्या बाजारातून गोळा केलेली आहेत.

"अहो, जरा बाजूला व्हा," ही म्हणाली, "माझ्यावर सावली पडतेय."

तिने डोळे मिटले आणि एकेक माउस हातात घेऊन काचेवरून फिरवायला लागली. पहिला नको, भोकांत बोट अडकतं. दुसरा नको, पाठ फार उंच, मनगट वर राहतं. तिसऱ्याची तार ताठ होती. ती म्हणाली, "साखळीला बांधलेल्या कुत्र्यासारखा हा मागे ओढतो." चौथ्याचा क्लिक कडक. पाचव्यावर ती बराच वेळ थांबली. त्याची तार बुटाच्या नाडीसारखी मऊ होती, पाठ अखंड होती. खोक्यावर ठळक लिहिलं होतं: अठ्ठावन्न ग्रॅम.

"हा," ती डोळे न उघडताच म्हणाली.

"चांगली निवड," दुकानदार म्हणाला. "आणि हा सहाव्यापेक्षा स्वस्त आहे. सहावा घेऊच नका, नुसते दिवे आहेत."

माझी पाल ताडकन जागी झाली. महागडा माल गळ्यात मारणारा दुकानदार मला समजतो. त्याचं सरळ असतं. पण स्वतःहून स्वस्त वस्तूकडे बोट दाखवणारा? इथे नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं.

"अठ्ठावन्न कशावरून?" मी विचारलं.

"खोक्यावर लिहिलंय, काका."

"खोक्यावर तर काय, लिहिणाऱ्याचा हात कोण धरतो?"

"चला आता," ही म्हणाली.

तिचा बेत असा होता की माउस घरीच ठेवायचा, रोज संध्याकाळी तासभर हाताला सवय करायची आणि थेट गुरुवारी ऑफिसात न्यायचा. सोमवारी संध्याकाळी ती घरच्या संगणकावर कुठल्याशा इमारतीचा फोटो उघडून त्यातल्या फरशांच्या कोपऱ्यांवर क्लिक करत बसली. तासाभराने उठली आणि मनगट न चोळता स्वयंपाकाला लागली. वर्षभरात हे प्रथमच घडत होतं. कुणालाही आनंद झाला असता. मला वाटलं, इतक्या लवकर गुण?

मंगळवारी ती ऑफिसला गेली आणि मी काटा काढला.

हा काटा मला सहकाऱ्यांनी निरोप समारंभात दिलेला आहे. खिशात मावतो, ग्रॅमचा दहावा भाग दाखवतो. घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी त्याच्यावर चढते, साबण, चहा, डॉक्टरांच्या गोळ्या. मुलगी सासरहून आली की दारातूनच ओरडते, "बाबा, मी वजन करूनच निघालेय!"

काटा सपाट जागी ठेवला. पंखा बंद केला. लोंबकळणारी तार वजन चुकवते, म्हणून ती नीट गुंडाळली, रबर लावलं आणि माउसशेजारी ताटलीत ठेवली. मी व्यवस्थित माणूस आहे.

एकोणनव्वद ग्रॅम.

काटा शून्यावर आणून पुन्हा तोललं. एकोणनव्वद. खिडकी लावून पुन्हा. एकोणनव्वद. अठ्ठावन्न वजा केले. एकतीस ग्रॅमची लबाडी! अर्ध्याहून जास्त! निवृत्तीनंतर इतकं स्वच्छ प्रकरण माझ्या हाती लागलं नव्हतं. मला दुकानदाराचं मऊ बोलणं आठवलं आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं.

फोन करायचा मोह झाला, पण आरोपीला सावध करायचं नसतं. आधी पुरावा. एकतीस ग्रॅम कुठेतरी असणार. फसव्या तराजूत शिसं लपवतात ते बहुतेक ताटलीच्या पोटात, एखाद्या चिकटवलेल्या पट्टीच्या आड. मी माउस उलटा केला. पोटावर चार पांढऱ्या गुळगुळीत पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, आणि एकही स्क्रू दिसत नव्हता. ज्या वस्तूचे स्क्रू दिसत नाहीत तिच्यावर विश्वास ठेवू नये, असं मी नव्या निरीक्षकांना शिकवत असे. शिवाय मधोमध एक चंदेरी चिकटपट्टी होती. तिच्यावर बारीक अक्षरांत ताकीद: फाटल्यास हमी रद्द.

ही तर माझ्याच खात्याची भाषा. फरक इतकाच की आम्ही सील लावायचो ते दुसऱ्याने उघडू नये म्हणून. स्वतःचं सील फोडायची आम्हाला मुभा होती. मी ती मुभा घेतली.

भाजी चिरायच्या सुरीने चारही पट्ट्या सोलल्या. खाली स्क्रू निघालेच! मी एकटाच खोलीत 'वा' म्हणालो. चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरने ते काढले आणि पाठ उचलली.

आत काही नव्हतं. म्हणजे एक हिरवी पट्टी होती, एक चाक, चार बटणं आणि बाकी हवा. मी टॉर्च मारून बघितलं. हिरव्या पट्टीखाली बघायला अडचण होत होती म्हणून पुढचा बारीक प्लग ओढला, तर तार सुटून टेबलावर पडली. नोंदीसाठी म्हणून मी उरलेला माउस, पाठीसकट, स्क्रूंसकट, सोललेल्या पट्ट्यांसकट, पुन्हा काट्यावर ठेवला.

अठ्ठावन्न पूर्णांक दोन.

मी काट्याकडे बघत राहिलो. मग गुंडाळलेली तार एकटीच ठेवली. तीस पूर्णांक आठ.

खिळे तोलताना पिशवीचं वजन खिळ्यांत धरलं म्हणून, साखर तोलताना डबा साखरेत धरला म्हणून मी चारशेच्या वर दुकानदारांना दंड केलेला आहे. एकाने हात जोडून "साहेब, चुकून झालं" म्हटल्यावर मी त्याला म्हणालो होतो, "चुकून होत असतं तर कधीतरी गिऱ्हाइकाच्या बाजूनेही झालं असतं." हे वाक्य माझ्या खात्यात बरंच गाजलं होतं.

मग मी सगळं परत जोडलं. जोडणं मला शिकवलेलं नाही. आमच्याकडे उघडलेला माल जप्त होत असे. स्क्रू बसले. पट्ट्यांच्या गोंदाला धूळ आणि माझ्या बोटाचा एक केस लागला होता, तरी चमच्याच्या पाठीने दाबून बसवल्या. डाव्या बाजूची पुढची पट्टी जरा तिरकी बसली. चंदेरी सील फाटलंच होतं. ते दोन तुकड्यांत शेजारी शेजारी चिकटवलं. लांबून बघितलं तर कळत नव्हतं. मी लांबूनच बघितलं.

संध्याकाळी ही बसली आणि दोन मिनिटांत थांबली.

"आज खरखरतोय."

"टेबल असेल."

तिने टेबल ओल्या फडक्याने पुसलं, मग कोरड्याने. पुन्हा बसली.

"डावीकडे वळताना अडतोय जरा. अहो, तुम्ही ह्याला हात नाही ना लावलात?"

"मी कशाला लावू?"

चौतीस वर्षांत हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं असेल. खात्यात आम्ही त्याला कबुलीजबाबच म्हणायचो. पण ती माझ्या खात्यातली नव्हती. तिने "बरं" म्हटलं आणि माउस किंचित उचलून वळवायची सवय करायला लागली. बुधवारी संध्याकाळीही तेच. बुधवारी ती उठली तेव्हा मनगट चोळत होती. सांगून टाकावं, असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा मला वाटलं, उद्या एवढी चाचणी, उगाच तिचं मन कशाला बिघडवा. आपल्या भित्रेपणाला इतकं सभ्य कारण सापडलं की माणूस ते सोडत नाही.

गुरुवारी दुपारी दीडला तिचा फोन आला.

"झाले दोन्ही. वीस मिनिटं आधी."

"वा!"

"थांबा. दुर्बिणीला शंका आलीय. ह्या माउसला अंगठ्याशी दोन बटणं जास्त आहेत ना, त्यांना म्हणे शिकवून ठेवलं की एका दाबात दहा क्लिक आपोआप होतात. म्हणून तिने माउस उलटा करून बघितला. खालचं सील फाटलेलं आहे. मला विचारलं, हा कुणी उघडला? मी सगळ्यांसमोर म्हणाले, कुणीच नाही, परवाच घेतलाय." ती थांबली. "आता मी खोटारडी ठरलेय. निकाल राखून ठेवलाय. तुम्हाला एकच विचारते."

"मी येतो," मी म्हणालो.

मी चपला घातल्या तरी तिने फोन ठेवला नव्हता.

नकाशा विभाग तिसऱ्या मजल्यावर. प्रमुखांच्या खोलीत मधोमध टेबलावर कोऱ्या कागदावर माउस उताणा ठेवलेला, शेजारी सील मापायला फूटपट्टी. मुद्देमाल कसा मांडावा हे त्या बाईंना येत होतं. मला त्यांच्याबद्दल एकदम आदर वाटला. ही खिडकीशी उभी होती. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

"आपण?" दुर्बीण म्हणाली. चष्म्याच्या वरून.

"ह्यांचा नवरा."

"म्हणजे हितसंबंधी."

"हो. आणि माउस उघडला तो मीच."

मी सगळं सांगितलं. काटा, एकोणनव्वद, सुरी, हवा. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी पेन खाली ठेवलं.

"वजनमापे खात्यात किती वर्षं होतात?"

"चौतीस."

"आणि तारेसकट तोललंत?"

"गुंडाळून," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

खिडकीशी काहीतरी हललं. हिचे खांदे असावेत. हसत होती की काय, ते मागून कळेना.

"हे बघा," दुर्बीण म्हणाली, "तुमची गोष्ट इतकी वेडगळ आहे की ती खरी असू शकते. पण नवऱ्याच्या शब्दावर मी निकाल देऊ शकत नाही. फाटलेलं सील ते फाटलेलं सील. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?"

खोटं बोलायची माझी त्या आठवड्याची शिल्लक संपली होती. "मी दुकान बंद केलं असतं," मी म्हणालो.

आता ही वळली.

"मॅडम," ती म्हणाली, "ती दोन बटणं झाका. वर चिकटपट्टी लावा, पट्टीवर तुमची सही करा. आणि मला तिसरा नकाशा द्या. कुठला ते तुम्ही निवडा. दीड तास तुम्ही शेजारी बसा. एक दाब, एक क्लिक. मोजा."

"सकाळपासून तीन तास झालेत तुमचे."

"हो."

"ऑफिसचा माउस वापरलात तर चिकटपट्टीचीही गरज नाही."

"ऑफिसच्या माउसने मला दीड तासात होणार नाही. म्हणून तर हा आणला." ती एवढंच म्हणाली. मनगटाचं बोलली नाही.

दुर्बिणीने कपाटातून नकाशा निवडला तो नदीकाठच्या गावाचा. दर पिढीला वाटण्या होऊन चिंध्या झालेली शेतं, आणि नदीने मधूनमधून आपलाही हिस्सा घेतलेला. मला बाहेर बाकावर बसवलं. दाराला काच होती. आवाज येत होता, टक, टक, टक.

डावीकडे वळायची वेळ आली की ती माउस केसभर उचलायची. तिरक्या पट्टीमुळे. आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग एकदा दिसलं आणि दुसरं काही दिसेचना. दर चार-पाच क्लिकमागे एकदा उचलणं. तो प्रत्येक वेळचा भार मी तिच्या मनगटावर चढवलेला होता, आणि तो कुठल्याही काट्यावर दिसला नसता. पाऊण तासाने तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि तसंच धरून काम करायला लागली. दुर्बीण मोजत होती. तिचे ओठ हलताना मला दिसत होते.

सव्वा तास झाला असेल, टकटक थांबली.

"काय झालं?" दुर्बिणीचा आवाज.

"हा कोपरा चुकलाय. मूळ कागदावर शाई सांडलीय, तिच्याबरोबर रेघ आत आलीय. इथे हद्द वळत नाही."

"कशावरून म्हणता?"

"शेजारच्या तिन्ही शेतांचे बांध सरळ येतात, बघा. एकट्या ह्याचाच कसा वाकेल? ह्या माणसाची दोन गुंठे जमीन नुसती शाईत गेली असती."

मग खुर्ची सरकली. दुर्बीण पडद्याच्या अगदी जवळ गेली होती. तिने चष्मा काढून हातात घेतला होता आणि ओठ हलायचे थांबले होते.

"करा, तुम्ही म्हणता तसं," ती म्हणाली.

एक तास बावीस मिनिटांनी दार उघडलं.

"तुम्ही नकाशात राहताय," दुर्बीण हिला म्हणाली. "आणि नवीन माणसं येतील त्यांना शाई आणि हद्द यातला फरक शिकवा." मग माझ्याकडे वळली. "तुम्ही जरा थांबा. उद्यापासून सगळेच असले माउस आणणार. मला ते तपासून घ्यावे लागतील. उघडून बघायचा अनुभव असलेला माणूस बाहेर कुठे शोधू? मानधन नाही देता येणार. ओळखपत्र मिळेल."

ओळखपत्र. फोटोवर शिक्का, गळ्यात फीत. निवृत्तीनंतर पाच वर्षांत कुणी मला ओळखपत्र देऊ केलं नव्हतं. पालीने शेपूट हलवली. ही आत टेबलाशी डाव्या हाताने तार गोळा करत होती. उजवा हात तिने पोटाशी धरला होता. कान इकडे होते.

"मला त्यातलं काही कळत नाही, मॅडम," मी म्हणालो.

जिन्यात तिने पर्स माझ्या हातात दिली. आम्ही एक मजला उतरलो.

"उघडलात ते ठीक आहे," ती म्हणाली. "तुमचं ते जन्मजात आहे. पण विचारलं तेव्हा खोटं का बोललात?"

"भीती वाटली."

"कुणाची? दुर्बिणीची तर तेव्हा ओळखही नव्हती तुमची."

"तुझी."

ती कठड्याशी थांबली. विचार केला.

"बरोबर वाटली," ती म्हणाली, आणि उतरायला लागली.